कळलावीच्या स्वच्छ बाटल्या

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये निम्मी गिऱ्हाईकं चुकून यायची. गल्लीत खाली तापाचा दवाखाना, समोर लहान मुलांचा, कोपऱ्यावर रक्त-लघवी तपासणारे, आणि मध्येच दुसऱ्या मजल्यावर आम्ही. बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'टिश्यू कल्चर लॅबोरेटरी' असं लिहिलेलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'युरिन कल्चर' लिहून दिलं की माणूस बोर्ड वाचत वाचत यायचा, दोन जिने चढायचा आणि धापा टाकत माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली बाटली ठेवायचा. मी म्हणायची, "अहो, हे आमचं काम नव्हे. आम्ही झाडांचं कल्चर करतो." एकदा एक गृहस्थ माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "झाडाचं करताय आन माणसाचं करत न्हाय? माणसापरास झाड मोठं झालं व्हय?" दोन जिने चढून आलेल्या माणसाशी काय वाद घालायचा! मी त्यांना पाणी दिलं आणि कोपऱ्यावरचा रस्ता दाखवला.

शेवटी आमचे मालक बापू यांनी बोर्डाखाली आणखी एक पाटी लावून घेतली. 'येथे फक्त झाडांचे कल्चर होते. माणसांचे कोपऱ्यावर.' ती वाचून क्लासला जाणारी पोरं हसायची, आणि बाटल्या घेऊन येणारे तरीही यायचेच.

आता मी निवृत्त झाले आहे. लग्नाकार्यात कुणी विचारतं, "तुम्ही नेमकं काय करत होता हो?" तेव्हा मला आधी ती पाटी आठवते आणि मग हसू आवरून सांगावं लागतं. तुम्हालाही एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. झाडाचा शेंडा, डोळा किंवा कंदाचा कोंब घ्यायचा, त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा करायचा, धुऊन धुऊन त्याच्या अंगावरचे जंतू घालवायचे आणि तो काचेच्या बाटलीत ठेवायचा. बाटलीत माती नसते. चायना ग्रासची वडी असते तसा थलथलीत थर असतो. ते झाडाचं खाद्य. त्यात साखर, क्षार आणि संजीवक मिसळलेलं असतं. सगळं नीट जमलं तर तुकड्याला फुटवे येतात. ते सुटे करून पुन्हा बाटल्यांत लावायचे, त्यांना पुन्हा फुटवे. असं करत एका झाडाची हजारो झाडं होतात आणि सगळी त्या एकाच आईच्या वळणाची.

यातला संजीवक हा शब्द मला फार आवडतो. द्राक्षबागायतदारापासून खतविक्यापर्यंत सगळे तो वापरतात. नाव असं की मेलेलं उठून बसेल. प्रत्यक्षात ती झाडाला दिलेली सूचना असते. एका जातीचं संजीवक सांगतं, फुटवे काढ. दुसऱ्या जातीचं सांगतं, मुळं सोड. माप चुकलं की झाड गोंधळतं. मग ना फुटवा ना मूळ, नुसता कणकेसारखा गोळा वाढत बसतो. आणि माप म्हणजे किती, तर मोठ्या पातेलंभर खाद्यात चिमटीच्याही चिमटीएवढं. आमच्या धंद्यातलं सगळं कसब त्या चिमटीत आहे, आणि ती माझ्या हातात होती हे सांगायला मी अजिबात लाजणार नाही.

नावामुळं गंमतही व्हायची. जवळच्या तालमीतले एक वस्ताद एकदा जिना चढून आले. "मॅडम, वाढीचं औषध हाय म्हणं तुमच्याकडं. एका पठ्ठ्याला द्यायचं हाय. उंची झकास हाय, पर अंगच धरंना."

मी म्हटलं, "वस्ताद, ह्यानं मुळं फुटत्यात."

"मग लईच बेस की!" वस्ताद म्हणाले. "पाय उचलायची बिशाद न्हाय कुणाची!"

तर अशी आमची लॅब. बापू मूळचे कोडोलीचे, उसाचे मोठे शेतकरी. त्यांनी लॅब काढली ती केळीच्या रोपांसाठी. केळीची रोपं हा आमचा रोजचा भाकरतुकडा. ती कधी दगा देत नाहीत आणि शेतकरी रांग लावून नेतो. मी मात्र वनस्पतीशास्त्र शिकून आलेली, मला औषधी झाडांचं वेड. ब्राह्मी, पिंपळी, सर्पगंधा असं काहीबाही मी एका कपाटात वाढवत असे. कपाट म्हणजे ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या फळ्या, वातानुकूलित खोलीत. सगळ्या लॅबमध्ये त्याला 'मॅडमचं कपाट' म्हणत. बापू येता-जाता त्याच्याकडं बघून म्हणायचे, "केळं इकतंय मॅडम, औषध नुसतं बोलतंय."

मारुती अण्णा आमच्याकडं आले तेही चुकूनच. आजऱ्याच्या पुढच्या एका वाडीतले, काजूची बाग असलेले. त्यांच्या बायकोला ताप होता, खालच्या दवाखान्यात सलाईन लावलं होतं, आणि हातात ती ठरलेली बाटली. मी त्यांना कोपऱ्यावर पाठवलं. बाटली देऊन ते परत वर आले. "बसू का जरा? खाली लई गरम व्हतंय. सलाईन संपायला येळ हाय."

बसवलं. थोड्या वेळानं उठून ते कपाटापाशी गेले आणि मागं हात बांधून बाटल्या बघायला लागले. "ह्यात काय बी उगवतंय व्हय?"

"काहीही नाही, पण पुष्कळ काही."

"मग गौरीचं हात उगवतील?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी हातानंच दाखवलं. पाची बोटं वर केलेली. "असलं फूल. पाकळ्या बोटांगत उभ्या. बुडाला पिवळ्या, शेंड्याला तांबड्या. आन पानाचं टोक वळून काडीला धरतंय बगा."

"अहो, ही तर कळलावी!"

अण्णांनी चटकन दाराकडं बघितलं. "दवाखान्यातनं आलोय मॅडम. नाव नगा घिऊ."

आपल्याकडं कळलावी घरात आणत नाहीत. आणली की घरात कळ लागते, भांडणं होतात असं म्हणतात. अण्णांच्या वाडीतही तेच. पण अण्णांची बायको घाटाखालची, कोकणातली. तिच्या माहेरी याच फुलाला गौरीचे हात म्हणतात आणि गौर सजवताना ते लागतंच. लग्न होऊन घाटावर आल्यापासून दर गौरीला ती डोंगरउतारावर फिरून ही फुलं शोधून आणायची. कळलावीच्या कंदातून आणि बियांतून औषध निघतं. कंद तर चांगलाच विषारी असतो. त्याला गिऱ्हाईक मिळतं म्हटल्यावर लोकांनी पोती भरभरून कंद उकरून नेले आणि डोंगर मोकळा झाला. तशात तिचे गुडघेही गेले.

"दोन येल ऱ्हायल्यात आमच्या कुंपणात," अण्णा म्हणाले. "फूल तोडलं तर बी धरत न्हाय. न्हाय तोडलं तर गौर मोकळी. गेल्या साली तिनं तोडलं न्हाय. नुसती बगत बसली. मला कुंपणभर करून द्या मॅडम. तिची गौर व्हईल, आन बी मी कंपनीला घालीन."

मी हो म्हटलं. बापूंना विचारायच्या आधीच म्हटलं. संध्याकाळी बापूंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "जगात झाडं संपली व्हय? घरात घेत न्हाईत त्ये लॅबमधी घ्यायचं?" मग जरा विचार करून म्हणाले, "ही शेवटची. कळलावी जमली तर तुमचं कपाट ऱ्हायलं. न्हाय जमली तर त्यात बी केळी. मान्य?"

मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. अण्णांच्या कुंपणातल्या कंदांचे कोवळे कोंब घेऊन मी आजऱ्याहून परतले तेव्हा मांडीवरच्या ओल्या फडक्याला मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्या फडक्यात माझं कपाट होतं आणि अण्णांच्या बायकोची गौर.

आता मंगल आणि शमीमबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडं दहा-बारा मुली होत्या, पण तुकडे करून बाटलीत लावण्याच्या कामात या दोघींना तोड नव्हती. मंगल कोडोलीहून एसटीनं यायची, शमीम शहरातलीच. दोघी शेजारी शेजारी बसत, एकाच डब्यात जेवत, एकमेकींच्या घरच्या सणाला जात. चिमटा जाळावर धरणं, तो निवू देणं, कोंब उचलणं, काप देणं, बाटलीचं तोंड जाळावर फिरवून झाकण लावणं, हे त्या इतक्या सहज करत की बघत राहावं. जंतूंना कुठंही शिरायला फट नाही.

फट एकच होती, ती म्हणजे त्यांची तोंडं. त्या खोलीत बोलायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. खोलीत समोरून गाळलेली हवा सतत येत असते, अंगात एप्रन असतो, तोंडाला मास्क असतो, तरीही बोललं की तोंडातले जंतू उडतात आणि बाटलीत जातात. चार दिवसांनी बाटलीत पांढरी लव दिसते किंवा तुकड्याच्या बुडाशी दूध सांडल्यासारखं होतं. मग ती बाटली फेकायची. मी बाहेर काचेपाशी उभी राही. आवाज ऐकू यायचा नाही, पण मास्क हलताना दिसायचे. मी काचेवर टकटक करायची. मास्क थांबायचे. मी पाठ फिरवली की पुन्हा हलायला लागायचे.

केळीत हे चालून जायचं. दहा बाटल्या गेल्या तर शंभर उरत. कळलावीचं तसं नव्हतं. मातीतून उकरलेल्या कंदाच्या आत-बाहेर जंतूच जंतू. निम्मे कोंब आम्ही धुता धुताच गमावले. उरले त्यातले काही काळे पडले. जे मूठभर तगले त्यांच्यावर मी संजीवकाची मापं लावून बघत होते. पुस्तकांत मापं होती, पण ती दुसऱ्यांच्या कळलावीची. अण्णांच्या वेलाला ती मानवेनात. एका मापाला नुसता गोळा आला. दुसऱ्या मापाला फुटवे आले, पण काचेसारखे पाणचट, हात लावला की मोडणारे. फुटव्याचं संजीवक कमी करत करत, मुळांच्या संजीवकाचा जेमतेम वास लावत एकदाचं असं माप सापडलं की हिरवेगार, ताठ फुटवे आले. त्या दिवशी मी सगळ्या लॅबला कांदाभजी खायला घातली. आणि त्याच फुटव्यांची पहिली मोठी खेप लावली, तर आठवड्यात निम्म्या बाटल्यांत पांढरी लव!

डबा खायच्या सुटीत मी सगळ्यांना गोळा केलं. बापूही नेमके त्या दिवशी आलेले. मी विचारलं, "आत कोण बोलतंय?"

मंगल म्हणाली, "मी काय एकटीच बोलतो व्हय मॅडम? ही इचारती, मग सांगावं लागतंय." आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलेलं बरं.

शमीम उसळली. "मी इचारतो? तुझी नणंद नांदायची सोडून घरात येऊन बसली, त्येचं रडगाणं रोज तूच लावतीस की! माझं कान किटलं ऐकून!"

नणंदेची गोष्ट लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हती. मंगलच्या घरच्यांनी ती गावातही झाकून ठेवली होती. ती हवा गाळलेल्या त्या बंद खोलीत मंगलनं एकट्या शमीमला सांगितली होती. मंगलनं डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत टाकला आणि न जेवता आत जाऊन बसली.

बापू खालच्या आवाजात म्हणाले, "मी सांगत हुतो. कळलावी हाय ती."

शमीमनं संध्याकाळी जिन्यात मंगलला गाठून "चुकलं माझं" म्हटलं. मी वरून ऐकलं. मंगल थांबली नाही, तिची एसटी चुकत होती म्हणावं तर तसंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. तिनं मला बोलूच दिलं नाही. "मॅडम, कामात काय कमी पडलं तर बोला. बाकीचं ऱ्हाऊ दे." दोन-तीनदा माफी मागायला जाऊन तोंडघशी पडल्यावर शमीमनंही अबोला धरला. दोघी शेजारी शेजारीच बसत, कारण जागा बदलायला दोघींचाही नकार. शमीमच्या दिव्यातलं स्पिरिट संपलं की मंगल न बोलता आपली बाटली तिच्याकडं सरकवायची. शमीम ती घ्यायची, वापरायची आणि परत सरकवायची. काचेबाहेरून मला हे सगळं दिसायचं. दोन्ही मास्क स्थिर असायचे.

आणि मग ती पुढची खेप. मी एकेक बाटली उजेडाला धरून बघितली. लव नाही, दूध नाही, काही नाही. इतक्या स्वच्छ बाटल्या मी आख्ख्या नोकरीत बघितल्या नव्हत्या. त्याच्या पुढची खेपही तशीच. कळलावीनं कळ लावली, आणि त्या कळीमुळं कळलावीच तगली. मुली हसायच्या. मलाही हसू यायचं, पण डब्याच्या वेळी त्या दोघी दोन टोकांना बसलेल्या दिसल्या की ते मावळायचं.

बाटल्यांत साखर वाढवल्यावर फुटव्यांच्या बुडाशी बारीक कंद धरायला लागले. आधी मेथीच्या दाण्याएवढे, मग शेंगदाण्याएवढे. कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, दोन बाजूंना वाकलेला. काचेतून तो इवलासा नांगर पहिल्यांदा दिसला तेव्हा मी शेजारच्या क्लासमधल्या शिक्षकांना, खालच्या कंपाउंडरला, दिसेल त्याला वर बोलावून दाखवला. बापूंनाही दाखवला. बाटली फिरवून बघत ते म्हणाले, "बारीक हाय. पर हाय."

जूनमध्ये रोपं कोडोलीला बापूंच्या शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या मांडवात गेली. बाटलीतलं झाड फार लाडात वाढलेलं असतं. त्यानं वारा बघितलेला नसतो, तहान बघितलेली नसते. मुळांना चिकटलेलं खाद्य धुऊन काढायचं, नारळाच्या भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये लावायचं, वर प्लॅस्टिक झाकायचं आणि रोज थोडं थोडं उघडत त्याला जग दाखवायचं. या कामाला मंगल आणि शमीम दोघी हव्यातच म्हणून मी अडून बसले. बापूंच्या जीपमधून गेलो. एक पुढं बसली, एक मागं, आणि मध्ये मी रोपांचे ट्रे मांडीवर घेऊन. वाटेत आम्ही तिघी मिळून एक शब्द बोललो नाही. बापूच एकटे उसाबद्दल बोलत होते.

रोपं तगली. वितभर, मग हातभर वाढली, पानांची टोकं वळून काड्यांना धरायला लागली. मी निर्धास्त झाले. आणि दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस बापूंचा फोन आला. "मॅडम, तुमची कळलावी गेली. या आन बगून जावा."

गेले तर शेडनेटमध्ये नुसत्या वाळक्या काड्या. पानं पिवळी पडून झडलेली. बाहेर केळीच्या रोपांनी भरलेली ट्रॉली उभी, आणि कुंड्या रिकाम्या करायला दोन गडी तयार. मंगलचं घर तिथून जवळच. सुट्टी होती, तरी ती येऊन शेडनेटच्या दाराशी उभी होती.

मी जाणार होते त्या गड्यांच्या आडवी, पण आधी एक कुंडी उचलली आणि हातावर पालथी केली. कोकोपीट झटकलं. आत पांढुरका कंद, बोटाच्या पेराएवढा, टणक. "बापू, ही मेली नाही. झोपलीय. कळलावी पावसानंतर अशीच झोपते."

"झोपल्यालं आन मेल्यालं सारखंच दिसतंय की मॅडम."

"पाऊसकाळापर्यंत थांबा. नाही उठली तर कपाट तुमचं. मी स्वतः त्यात केळी लावीन."

बापू शेतकरी माणूस. त्यांनी तो कंद माझ्या हातातून घेतला, नखानं जरा खरवडला, आतला ओला पांढरा रंग बघितला. मग परत कुंडीत ठेवून वरून कोकोपीट सारखं केलं. "हात धुवा, इषारी हाय म्हणताय न्हवं?" एवढंच म्हणाले, आणि ट्रॉली दुसरीकडं लावायला सांगितली.

तो उन्हाळा मला फार लांब गेला. दिवसा मी केळी बघायची, आणि मध्येच कळलावी आठवायची. कंद कुजले तर? उंदरांनी खाल्ले तर? विषारी आहेत, खाणार नाहीत, अशी स्वतःचीच समजूत घालायची. अण्णा मधूनमधून फोन करून विचारायचे, "उठली का हो?" मी म्हणायची, "अजून झोपू द्या." पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "त्यांस्नी घाई करू नगा."

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी मंगलचा फोन आला. ती कामावर यायच्या आधी शेडनेटकडं गेली होती. धाप लागलेली. "मॅडम, उठली! रांगंच्या रांगा उठल्यात!" आणि थोडं थांबून म्हणाली, "शमीमला सांगा. निम्म्या तिच्या बाटल्यातल्या हाईत."

मी शमीमला सांगितलं. ती एप्रन घालायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अण्णा टेम्पो घेऊन आले आणि रोपं आजऱ्याला घेऊन गेले. कुंपणभर लागली. मी दोनदा जाऊन बघून आले. पहिल्याच साली सगळ्या वेलांना फुलं येणार नाहीत, हे मी अण्णांना बजावून सांगितलं होतं. धीर धरा म्हटलं होतं. धीर मलाच नव्हता.

गौरी यायच्या आदल्या दिवशी अण्णा दोन जिने चढून आले. या वेळी हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मोठं बोचकं. माझ्या टेबलावर, जिथं त्यांनी पहिल्यांदा ती बाटली ठेवली होती तिथंच, त्यांनी ते सोडलं. तांबडी-पिवळी फुलं, पाकळ्या वर उचललेल्या, ताज्या. "कारभारनीनं तिच्यापुरती ठिवली. म्हणाली, बाकीची त्यांस्नी द्या. लई सालांनी गौरीला हात आलं म्हणाली."

माझं मलाच आवरेना. इतकी वर्षं नोकरी केली, केळीची रोपं किती गेली त्याला गणती नाही, पण माझ्या हातच्या कामाचं फूल असं माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. मी सरळ रडले. अण्णांनी गांगरून माझ्यापुढं पाण्याचा ग्लास धरला.

मुली जमल्या खऱ्या, पण सगळ्या दोन पावलं लांब. फुलं देखणी होती, तरी कळलावीच ती. सणाच्या तोंडावर हात कोण लावणार? कुणी म्हणालं, टेबलावरच राहू देत. कुणी म्हणालं, खिडकीत ठेवा.

शमीम पुढं आली. तिनं चांगली पाच-सहा फुलं निवडली, देठं ओल्या कापसात गुंडाळली, सरळ मंगलच्या समोर गेली आणि फुलं पुढं धरली. "घे. तुझ्या गौरीला."

मंगलनं फुलांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं नाही. "आमच्यात कळलावी घरात घेत न्हाईत."

"कळलावी कुठली? गौरीचं हात हाईत ह्ये. अण्णांस्नी इचार." शमीमचा आवाज फाटला. "नणंदंच्या हातनं वाहा. गौर बी माहेराला येती, ती बी आलीया. त्येच्यात झाकायचं काय हाय?"

जे दीड वर्षापूर्वी सगळ्यांदेखत बिघडलं होतं, ते तिनं सगळ्यांदेखतच नीट केलं. मंगलनं फुलं घेतली. डोळे पुसले ते एप्रनच्या बाहीनं, म्हणजे तो एप्रन धुवायला टाकावा लागणार होता, पण मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "वडी-भाकरी नणंदच करतीया गौरीला. तू ये जेवायला. न्हाय आलीस तर बग."

"येतो की," शमीम म्हणाली.

ते कपाट अजून आहे. मी निवृत्त झाले तेव्हा बापूंनी त्याच्यावर पितळी पाटी लावली, 'मॅडमचे औषधी कपाट', आणि आता त्यात कळलावीच्या दोन फळ्या आहेत. अण्णांच्या कुंपणातल्या वेलांना दर साली फुलं येतात. दर गौरीला त्यांच्या मुलाच्या मोबाइलवरून मला फोटो येतो. गौरीच्या दोन्ही बाजूंना हात उभे असतात आणि कोपऱ्यात पाटावर पाय पसरून बसलेली अण्णांची बायको असते. ते फोटो मी कुणालाही न विचारता दाखवते.

त्या साली गौरी-गणपतीची सुट्टी संपून लॅब उघडली तेव्हा मी नेहमीसारखी काचेपाशी जाऊन उभी राहिले. आत मंगल आणि शमीम शेजारी शेजारी बसल्या होत्या. हात झपाझप चालले होते, जाळावर चिमटे तापत होते, आणि दोन्ही मास्क एकसारखे हलत होते. आठवड्यानं त्या खेपेच्या बाटल्या उजेडाला धरल्या तर जिकडं तिकडं पांढरी लव. पण त्या सकाळी मी काचेवर टकटक केली नाही.